शिडी उभी धरून चालू नका, वर तार आहे

दिवाळीच्या आधी रंगकामं निघाली की दरवर्षी तेच बघतो, ॲल्युमिनियमची शिडी उभीच धरून पोरं घराभोवती फिरतायत आणि सगळ्यांची नजर खाली पायाकडे. मी वायरमन आहे, बावीस वर्षं झाली या कामात, आणि या एका गोष्टीवरून मी लोकांशी भांडतो.

आमच्या मागच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला नंतर चढवलेला, त्यामुळे 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाईन गॅलरीच्या अगदी जवळ आलेली. दोन रंगारी पोरं, वीस फुटी शिडी. भिंतीचा एक पट्टा संपला, शिडी चार फूट सरकवायची होती, आडवी करायचा कंटाळा केला. दोघांनी खालून उचलली, वरचं टोक झुललं आणि धडाम आवाज. लोक म्हणतात तार माणसाला खेचून घेते, तसं काही नसतं, आपलीच शिडी झोल खाऊन तिथे पोचते, आणि खूप जवळ गेली तर टेकायच्या आधीच ठिणगी उडते. दोघं वाचले, पण हातातून शिरलेला करंट पायातून जमिनीत गेला आणि एकाची दोन बोटं काढावी लागली. चार फुटांसाठी!

मी शिडी आडवीच नेतो, दोन टोकांना दोन माणसं. उभी करायच्या आधी पूर्ण उघडलेली लांबी मोजतो आणि ती कुठल्याही बाजूला पडली तरी तारेपासून 3 मीटर लांब राहील का ते बघतो. राहत नसेल तर शिडी लावतच नाही, आधी महावितरणच्या ऑफिसात जाऊन लाईन बंद करून घ्यायची. मालक म्हणतो दोन दिवस जातील, जाऊ देत.

बांबूची शिडी सुरक्षित, हे कोरड्या बांबूपुरतं, आणि तेसुद्धा 11 केव्हीसमोर धरून चालू नका. फायबरचीही ओली, मळलेली असली की भरवसा नाही.

तार काळी दिसते म्हणून वर प्लास्टिक आहे असं समजू नका, पोलवरच्या बहुतेक तारा उघड्याच असतात.

लाईट गेलीय म्हणून चढलात? ती कुठल्याही क्षणी येते, शिवाय शेजाऱ्याचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर बंद लाईनमध्येही करंट उलटा येतो.

घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, इथे काही करत नाही, बाहेरची लाईन त्याच्या आधी आहे.

आणि कोणी चिकटलाच तर शिडीला हात लावू नका, काठीनेसुद्धा नाही, 11 केव्हीला सुकी काठी पुरत नाही. लोकांना लांब ठेवा, 1912 या वीज तक्रारीच्या नंबरला फोन करून लाईन बंद करायला सांगा, आणि तुम्ही जवळ असाल तर पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता घासत घासत मागे व्हा.