वाऱ्याची सरासरी काढाल तर फसाल: कोरड्या किनाऱ्यावरची धूळ समजून घेताना या चुका टाळा

कोरड्या किनारपट्टीवर हे चित्र नेहमीचं आहे. सकाळी हवा नितळ असते, दुपारी तीनला समोरची इमारत दिसेनाशी होते आणि रात्री पुन्हा सगळं शांत. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात मात्र एकच ओळ येते: सरासरी वारा ५ मीटर प्रति सेकंद, धूळ मध्यम. ओळ खोटी नसते. पण धूळ कुठून आली, किती वाजता आली आणि उद्या येणार का, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही.

दिवसभराच्या सरासरीवर विसंबू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

धूळ उठवण्यासाठी वाऱ्याला एक उंबरठा ओलांडावा लागतो. मोकळ्या, भुसभुशीत जमिनीवर, १० मीटर उंचीवर मोजलेला वारा साधारण ६ ते ७ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की वाळूचे कण उड्या मारत सरकू लागतात. गंमत म्हणजे अगदी बारीक धूळ वारा थेट फारशी उचलत नाही, कारण ते कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. आधी हलतात ते ०.१ मिलिमीटरच्या आसपासचे वाळूचे कण. ते जमिनीवर आपटतात आणि त्यांच्या माऱ्याने बारीक धूळ मोकळी होते. एकदा उंबरठा ओलांडला की धूळ वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

आता दोन दिवस घ्या. पहिल्या दिवशी चोवीस तास ५ मीटर प्रति सेकंद वारा होता. दुसऱ्या दिवशी अठरा तास ४ आणि सहा तास ८. सरासरी दोन्ही दिवसांची ५ च! पहिल्या दिवशी धूळ जवळपास उठलीच नाही, दुसऱ्या दिवशी सहा तासांत धुरळा झाला. म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि उंबरठ्याच्या वरचे तास मोजा.

‘वारा पडला म्हणजे हवा स्वच्छ’ हेही खरं नाही. वेग अगदी कमी असताना वाहनांची, बांधकामांची बारीक धूळ जागच्या जागी साचते. वारा थोडा वाढला की ती पांगते, आणखी वाढला की जमीनच उडू लागते. वेग आणि पीएम १० (हवेतले ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे कण) यांचा आलेख अशा ठिकाणी बहुधा खोलगट वाटीसारखा दिसतो. त्यातून सरळ रेष ओढणारे ‘वाऱ्याचा आणि धुळीचा संबंध नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

दिशेची बेरीज-भागाकार करू नका

हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती. वायव्य वारा आग्नेयेकडे जातो. शाळेत हे शिकलेलो असतो, तरी नकाशावर बाण काढताना तो उलटा निघतो.

अंशांची साधी सरासरी ही त्याहून वाईट चूक. एकदा ३५० अंश आणि एकदा १० अंश, म्हणजे दोन्ही वेळा वारा उत्तरेचाच. त्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण. यावर सदिश सरासरी (प्रत्येक नोंद दिशा आणि वेग असलेला बाण मानून काढलेली सरासरी) हा उपाय आहे, पण किनाऱ्यावर तीही दगा देते. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. दोघांची एकत्र सदिश सरासरी काढली की ते एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात आणि कागदावर वारा नाहीसा होतो. खारे वारे बहुधा दुपारी जोरात असतात आणि मतलई वारे त्यांच्यापेक्षा मंद, त्यामुळे तासागणिक वेगळा हिशेब ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

तासागणिक पाहायचं तर घड्याळही तपासा. वाऱ्याची नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि धुळीची स्थानिक वेळेत, असा घोळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता आलेखाआधी तेच विचारतो. पेरूच्या किनाऱ्यावर पाराकास नावाचा वारा आहे, या नावाचा अर्थच ‘वाळूचा पाऊस’ असा सांगतात. तो दुपारी जोर धरतो. पेरूची वेळ यूटीसीच्या ५ तास मागे, म्हणजे तिथली दुपारी दोनची नोंद न बदललेल्या फाइलमध्ये संध्याकाळी सातला दिसते. मग लोक रात्रीच्या धुळीची कारणं शोधत बसतात.

‘समुद्रावरून आलेला वारा स्वच्छच’ असं गृहीत धरू नका

रात्री मतलई वाऱ्याबरोबर समुद्रावर गेलेली धूळ दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येऊ शकते. पाहुणी आपल्याच घरची असते, फक्त दार बदलून आलेली. याहून मोठा प्रकार पर्शियन आखातात घडतो. शमाल हा वायव्येचा वारा उन्हाळ्यात इराक-कुवेतकडची धूळ पाण्यावरून पार कतार-बहरीनपर्यंत नेतो. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर वारा समुद्राकडूनच येतोय असं वाटेल. नामिबियात याच्या उलट: हिवाळ्यात पूर्वेचा कोरडा वारा कोरड्या नदीपात्रांतली धूळ उचलून अटलांटिकवर लोटतो. म्हणजे केवळ दिशा पुरेशी नाही, ती हवा दोन-तीन दिवस कुठून फिरत आली याचा मागही काढावा लागतो.

शिवाय पीएम १० म्हणजे फक्त माती नव्हे. किनाऱ्यावर त्यात समुद्री मीठही असतं. फिल्टरची रासायनिक तपासणी शक्य असेल तर सोडियम-क्लोराइड मिठाची खूण देतात, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन मातीची. हे वेगळं केलं नाही तर खवळलेल्या समुद्राचं खापर वाळवंटावर फुटतं.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. तापमान अचानक उतरलं, आर्द्रता चढली, दिशा फिरली आणि त्याच वेळी धूळ वाढली, तर ती बहुधा खाऱ्या वाऱ्याच्या आघाडीने उठवलेली असते. ही आघाडी किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत जाते. पाण्यालगतची वाळू दमट असते, आतली जमीन सुकी, त्यामुळे खरा धुरळा आत उठतो. एकच यंत्र पाण्याच्या कडेला लावलं तर तो त्याच्या पाठीमागे उठतो.

स्वस्त सेन्सरचा पीएम १० डोळे झाकून मानू नका

धुळीचं वादळ डोळ्यांना दिसतंय आणि आकडा मात्र साधाच, असं झालं तर सेन्सर बिघडला असेलच असं नाही. छोट्या लेझर सेन्सरमध्ये जाड कण नीट पोहोचत नाहीत, पोहोचले तरी नीट ओळखले जात नाहीत, आणि धुळीच्या वादळात वजन जाड कणांचंच जास्त असतं. तपासायचं कसं? पीएम २.५ ला, म्हणजे ०.००२५ मिलिमीटरपर्यंतच्या बारीक कणांच्या आकड्याला, पीएम १० ने भागा. खऱ्या धुळीत हा भागाकार घसरायला हवा. वादळातही तो जवळपास जागचा हलला नाही, तर तुमचा पीएम १० मोजलेला नसून अंदाजाने भरलेला आहे.

दमट पहाटे याच्या उलट होतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मिठाचे कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर त्यांना मोठे समजतो. म्हणून धुळीच्या प्रत्येक आकड्याशेजारी आर्द्रता लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पीएम १० साठीची चोवीस तासांची मार्गदर्शक पातळी ४५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. धुक्यात फुगलेल्या आकड्याची तिच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

उपग्रहाच्या चित्राबद्दल थोडक्यात: त्यात हवेच्या अख्ख्या थराची धूळ दिसते. ती डोक्यावरून जात असेल आणि जमिनीवर हवा बरी असेल, हे किनाऱ्यावर सहज घडतं, कारण समुद्राची गार हवा खाली पाचर मारून बसलेली असते.

अडसर चुकीच्या वाऱ्यासमोर उभा करू नका

विंड रोज (कोणत्या दिशेने किती वेळ वारा येतो हे दाखवणारा गोल आलेख) पाहून सर्वात जास्त वेळ वाहणाऱ्या वाऱ्यासमोर झाडं किंवा जाळी लावली जाते. धूळ मात्र वर्षातले मोजकेच दिवस येणारा दुसराच वारा आणत असतो. आधी फक्त उंबरठ्याच्या वरच्या तासांचा वेगळा विंड रोज काढा. भक्कम भिंतही नको: तिच्यामागे भोवरे उठतात. निम्म्याच्या आसपास मोकळी जागा असलेली जाळी वारा फोडते आणि मंदावते. पाणी मारायचं असेल तर खारा वारा जोर धरायच्या आधी, सकाळी उशिरा. संध्याकाळी मारलेलं पाणी दुसऱ्या दुपारपर्यंत कुठे टिकतं?

आणि किनाऱ्यालगतच्या खारपाट सपाट भागात गाड्या घालू नका. वरून ओसाड दिसणारी मिठाची कडक पापडी खालची माती धरून ठेवते. चाकोरी पडली की तिथून खालची माती उघडी पडते, आणि पुढच्या जोरदार वाऱ्यात धुळीचे लोट नेमके त्या दोन रेषांवरून उठताना दिसतात.