मोहल्ल्यातल्या टॉकीजचा इतिहास कसा गोळा करायचा

तुमच्या मोहल्ल्यातली टॉकीज बंद पडली असेल, पाडायची बोलणी चालू असतील, तर आधी कागद शोधायला पळू नका, आधी पिक्चरची मशीन चालवणारा ऑपरेटर शोधा. कागद अजून दहा वर्षं कपाटात राहतील पण ऑपरेटर काकाजी आजच पंच्याहत्तरच्या पुढं गेलेले असतात. नागपुरात टॉकीजचं नाव चौकाला तरी राहते, व्हरायटी चौकच बघा ना, पण आत काम करणाऱ्यांचं नाव कुठंच राहत नाही आणि मला ते फार लागते.

पत्ता टॉकीजसमोरच्या पानठेल्यावर मिळतो. भेटल्यावर "इतिहास सांगा" असं म्हणू नका, माणूस एकदम गप्प होतो. हातातलं काम विचारा. मी एका काकाजींना एवढंच विचारलं की रीळ बदलायची वेळ कशी कळायची, तर ते उठूनच उभे राहिले, दिवाणाच्या दोन टोकांना हात लावून म्हणाले ही एक मशीन, ही दुसरी. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी परत ठिपका आला की चेंजओव्हर, म्हणजे पिक्चर दुसऱ्या मशीनवर घ्यायचा. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालते आणि तेवढा वेळ आत उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळत असायच्या, काळ्या काचेतून बघत त्यांच्यातलं अंतर सारखं सांभाळायचं, चुकलं की पडदा अंधारतो नि खालून शिट्ट्या. हे सांगताना त्यांची बोटं हवेत चाकी फिरवून राहिली होती. असं काही सुरू झालं की मधे बोलू नका, परवानगी घेऊन मोबाईलचा रेकॉर्डर चालू ठेवा, बस. गेटकीपर, बुकिंगवाला, सायकल स्टँडवाला यांनाही असंच भेटा.

आता सालाचा घोळ, इथं सगळेच फसतात. एखादी मावशी सांगते आम्ही चपला बाहेर काढून 'जय संतोषी माँ' पाहिला, मग आपण लिहून टाकतो १९७५. पण छोट्या टॉकीजमधे बरेचदा जुनेच पिक्चर परत लागायचे, त्यामुळं पिक्चरचं साल म्हणजे तुमच्या टॉकीजचं साल नव्हे. मावशीला विचारा तेव्हा लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं. मग लायब्ररीत जाऊन 'तरुण भारत' नाहीतर 'हितवाद'चे त्या वर्षांचे जुने अंक काढा आणि सिनेमाच्या जाहिराती बघा, शुक्रवारचा अंक आधी. टॉकीजचं नाव, किती खेळ, कितवा आठवडा, सगळं तिथं सापडते. पहिली जाहिरात मिळेपर्यंत मागं मागं जात राहा, कंटाळा येतो पण याला दुसरा रस्ता नाही.

सरकारी कागदांत सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिका, म्हणजे जागेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, जागा नझूलची म्हणजे सरकारी असेल तर लीज कोणाच्या नावावर होती तेही कळते. लायसन्स आणि करमणूक कराच्या जुन्या फायलींसाठी कलेक्टर ऑफिसात माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका. तारीख फाटलेला कागद हाती आला तर वर छापलेलं सरकारचं नाव वाचा: मध्यप्रांत-वऱ्हाड असेल तर १९५०च्या आधीचा, मध्यप्रदेश असेल तर १९५६पर्यंतचा, मुंबई राज्य असेल तर १९६०पर्यंतचा. नागपूरकरांना ही सोय फुकटात मिळालेली आहे.

तिकिटं, शो कार्डं, स्टँडचे बिल्ले कोणी दाखवले तर तिथंच फोटो काढा, घरी नेऊ नका. लिहून झालं की प्रिंट काढून आधी काकाजींना वाचून दाखवा, ते चार चुका काढतीलच. एक प्रिंट पानठेल्यावर ठेवा, ती वाचून अजून दोघं-तिघं हमखास फोन करतात.