अधिवेशन संपलं की अहवाल: आमदाराच्या कार्यालयात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमदाराच्या कार्यालयात नवीन माणूस रुजू झाला की त्याच्या गळ्यात पहिलं मोठं काम पडतं ते अधिवेशनाच्या अहवालाचं, म्हणजे आमदारांनी सभागृहात काय केलं हे मतदारांना सांगणाऱ्या छापील पुस्तिकेचं. जुने स्वीय सहायक फोन, निवेदनं, बदल्यांची पत्रं आणि लग्नपत्रिका यांत बुडालेले असतात. ‘पोरगं राज्यशास्त्र शिकलंय, लिहील’ म्हणून कागदांचा गठ्ठा तुमच्याकडे सरकवला जातो. मी ग्रामीण मतदारसंघातल्या एका महिला आमदारांसाठी (कार्यालयात सगळे त्यांना ताई म्हणतात) हे काम करत आलो आहे. या कामाचं पुस्तक कुठे मिळत नाही, म्हणून हे लिहितोय.

बहुतेक अहवाल एकाच साच्याचे असतात. पहिल्या पानावर पक्षाचे नेते, मग मंत्र्यांना पुष्पगुच्छ देतानाचे फोटो, मग ‘कोट्यवधींचा निधी खेचून आणला’. वाचणारा मात्र त्याच गावात राहणारा असतो. सरपंच, शाळेतले गुरुजी, तालुक्याचा पत्रकार आणि त्या रस्त्यावरून रोज दूध घालायला जाणारा माणूस, या सगळ्यांना पुलाची कालची अवस्था तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. त्यांना जाणून घ्यायचं असतं एवढंच, की प्रकरण नेमकं कुठवर आलंय. म्हणून अहवालातल्या प्रत्येक नोंदीला एक पायरी हवी. सभागृहात मांडलं, मंत्र्यांनी आश्वासन दिलं, तरतूद झाली, प्रशासकीय मान्यता मिळाली, काम सुरू झालं, या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आमदाराची विश्वासार्हता जाते ती काम न झाल्यामुळे कमी, आणि दुसऱ्या पायरीवरची गोष्ट पाचव्या पायरीवर असल्यासारखी छापल्यामुळे जास्त.

दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, असं संविधानाचं १७४ वं कलम सांगतं. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरची परंपरा १९५३ च्या नागपूर करारातून आली. तिन्हींचे अहवाल एकाच नमुन्यात भरू नका. अर्थसंकल्पीय अधिवेशनाचा अहवाल मुख्यतः पैशाचा असतो. पावसाळी आणि हिवाळीमध्ये पुरवणी मागण्या नीट चाळाव्या लागतात, कारण अर्थसंकल्पात राहून गेलेली कामं तिथून आत येतात. नागपूरचं अधिवेशन आखूड असतं, तिथे मोर्चे आणि भेटीगाठी एवढ्या असतात की रोजचा कागद रोज फाईलला लावला नाही तर शेवटच्या दिवशी हाती हुरड्याच्या आमंत्रणाशिवाय काही राहत नाही.

अहवालाची तयारी अधिवेशनाच्या आधीच सुरू करा. प्रश्नांच्या सूचना ऑनलाइन जातात त्याच दिवशी एक्सेलमध्ये तक्ता उघडायचा आणि त्यात विषय, गाव, कोणतं आयुध, सूचना दिल्याची तारीख, उत्तराची तारीख, पायरी आणि पुराव्याचा कागद असे रकाने करायचे. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद अहवालात घ्यायची नाही. एवढं कडक राहिलात की पुढचं निम्मं काम झालं.

आयुध हा शब्द विधिमंडळातलाच. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न (ज्याला फक्त लेखी उत्तर मिळतं), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, नियम २९३ खालचा चर्चेचा प्रस्ताव, अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) विधेयक ही आमदाराच्या हातातली हत्यारं. प्रत्येकाचं वजन वेगळं, आणि ते अहवाल लिहिणाऱ्याला कळलंच पाहिजे. औचित्याच्या मुद्द्यातून विषय सरकारच्या कानावर जातो, पण तिथल्या तिथे उत्तर द्यायला मंत्री बांधील नसतात. लक्षवेधी लागली तर मंत्र्यांचं छापील निवेदन आधी हातात येतं आणि सदस्यांना त्यावर प्रश्न विचारता येतात. हा कागद सोन्यासारखा जपा. तारांकित प्रश्न पुकारला गेला तर मंत्र्यांना उपप्रश्नांना तोंडी सामोरं जावं लागतं. प्रश्नोत्तराच्या तासात तिथपर्यंत वेळच आली नाही तर लेखी उत्तर पटलावर ठेवलं असं धरतात. बहुसंख्य प्रश्नांचं हेच होतं. मग ‘ताईंनी मंत्र्यांना सभागृहात धारेवर धरले’ असं लिहायला तुमच्याकडे काही आधार उरत नाही. ‘लेखी उत्तर मिळाले’ एवढंच खरं.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. छापील यादीत एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं असतात. तुमच्या आमदारांचं नाव त्यात नववं असेल आणि उपप्रश्न दुसऱ्यानेच विचारला असेल, तर ‘संयुक्त प्रश्नात सहभाग’ असं लिहा. विरोधी गटातला कार्यकर्ता ती यादी संकेतस्थळावरून उतरवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवतो.

उत्तरं वाचायला शिकणं हा या नोकरीतला सगळ्यात रंजक भाग. प्रश्नाची ठेवण ठरलेली असते. नमुना म्हणून एक बघा:

‘(१) अमुक नाल्यावरील पुलाचे काम रखडल्यामुळे पावसाळ्यात वाहतूक बंद राहत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आणि उत्तर येतं: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) सदर कामाच्या सुधारित अंदाजपत्रकाची कार्यवाही प्रगतिपथावर आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, सरकारने पाने पुसली. पण ‘अंशतः खरे’ म्हणजे काहीतरी कबूल केलंय, आणि ते पुढच्याच वाक्यात सापडतं: अंदाजपत्रक सुधारित होतंय. म्हणजे जुना खर्च अपुरा पडला, म्हणजे बहुधा नव्याने मान्यता लागणार, म्हणजे या पावसाळ्यापर्यंत पूल होण्याची शक्यता कमी. अहवालात हे असं यायला हवं: ‘पुलाचा खर्च वाढल्याने अंदाजपत्रक पुन्हा तयार होत आहे, असे उत्तर शासनाने दिले. अद्याप मान्यता नाही. पाठपुरावा सुरू.’ तीन छोटी वाक्यं. विभागाची भाषा जशीच्या तशी उतरवलीत तर गावात कुणी वाचणार नाही, आणि तिचं भाषणात रूपांतर केलंत तर कुणाचा विश्वास बसणार नाही. ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं आणि तुमच्याकडे फोटो, पत्रव्यवहार, तारखा असतील, तर तेही छापा. अशा उत्तराचं पुढे काय करायचं हे आमदारांना विचारा. बऱ्याचदा पुढच्या अधिवेशनातली लक्षवेधी त्यातूनच तयार होते.

भाषणांसाठी सभागृहाचं कार्यवृत्त, म्हणजे तिथे बोललेल्याची अधिकृत नोंद, वापरा. सुरुवातीला मिळणाऱ्या प्रतीवर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते शोभेसाठी लिहिलेलं नसतं. तारीख, विषय, मंत्र्यांनी काय मान्य केलं हे त्यावरून पडताळा, पण त्यातली वाक्यं अवतरणात टाकून छापू नका. व्हिडिओच्या बाबतीत तर जास्तच जपून राहा. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपमध्ये तसेच राहिलेले असतात. ते अहवालात छापले तर हक्कभंगापर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि तेव्हा ‘व्हॉट्सॲपवरून घेतलं’ हे उत्तर चालत नाही.

मंत्री सभागृहात ‘महिन्याभरात बैठक घेऊ’, ‘चौकशी करू’ असं बोलून जातात. अशा आश्वासनांचा माग ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तुमच्या तक्त्यात त्यासाठी वेगळं पान ठेवा आणि प्रत्येक नव्या अहवालात मागच्या अधिवेशनातल्या आश्वासनांचं काय झालं ते आधी द्या. माझ्या मते अहवालातलं सर्वांत उपयोगी पान हेच, आणि सर्वांत कमी अहवालांत दिसणारंही हेच. पत्रकार तेच पान फाडून ठेवतात.

आता पैसा. इथे भांडणं होतात. एकाच रस्त्यावर आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद सदस्य या तिघांचे फलक लागलेले तुम्ही पाहिले असतील. कोणाचं खरं हे लेखाशीर्षावरून, म्हणजे सरकारी हिशेबात त्या खर्चाला दिलेल्या क्रमांकावरून, कळतं. ग्रामविकासाच्या मूलभूत सुविधांची कामं कार्यालयात ‘२५१५’ या आकड्यानेच ओळखली जातात. रस्ते-पुलांचं म्हटलं तर ३०५४ आणि ५०५४ हे आकडे कानावर पडतील, पहिलं महसुली खर्चाचं (मुख्यतः देखभाल-दुरुस्ती), दुसरं भांडवली (मुख्यतः नवं बांधकाम). आमदारांचा स्थानिक विकास निधी वेगळा. तो वर्षाला ५ कोटी रुपये असतो, आमदार कामं सुचवतात आणि मंजुरी व खर्च जिल्हा प्रशासनामार्फत होतो. हे सगळे पैसे एकाच बेरजेत घालून ‘इतके कोटी आणले’ असा आकडा काढायचा मोह प्रत्येक कार्यालयाला होतो. बेरीज करू नका. स्रोतानुसार वेगळे तक्ते द्या.

अर्थसंकल्पात नाव आलं म्हणजे काम झालं असंही नाही. कोट्यवधींच्या कामापुढे पहिल्या वर्षी अगदी किरकोळ तरतूद असते, नाव जिवंत ठेवण्यापुरती. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशी वाट असते. म्हणून ‘कामाची किंमत’ आणि ‘या वर्षीची तरतूद’ हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवा. ताईंना आमच्या पहिल्या अशा तक्त्यातला दुसरा रकाना फारच केविलवाणा वाटला होता. तो ठेवावा असं मी म्हटलं, बरीच चर्चा झाली, शेवटी राहिला. गावोगावच्या सभांत लोकांनी त्याच रकान्यावरून नेमके प्रश्न विचारले, आणि पुढच्या पुरवणी मागण्यांसाठी ताईंच्या हातात तीच यादी आयती आली. शासन निर्णयाचा हवाला देताना त्याच्या शेवटी असलेला लांबलचक संकेतांकही टाका. कंटाळवाणा दिसतो, पण ज्याला तपासायचंय तो त्यावरून मिनिटात जीआर काढतो.

विधेयकांचा भाग थोडक्यात ठेवा, पण अचूक ठेवा. २८८ जणांच्या विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक ७८ जणांच्या विधान परिषदेतूनही जावं लागतं, मग राज्यपाल, काही वेळा राष्ट्रपती. लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलं आणि परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं, आणि त्याचा कायदा झाला नाही. अशा वेळी ‘कायदा केला’ असं ज्यांनी तेव्हा छापलं असेल, त्यांच्या अहवालाचं पुढे काय झालं असेल याची कल्पना करा. मतदानाबद्दलही सांभाळून लिहा. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कोण कुठल्या बाजूला होतं याची नावनिशीवार नोंद नसते. मतविभाजन झालं असेल तरच ‘विरोधात मत दिले’ असं लिहा. एरवी भाषणात काय भूमिका घेतली ते लिहा.

छपाईबद्दल मोजकं सांगतो. लोक अहवाल हातात आला की आधी स्वतःचं गाव शोधतात, म्हणून गावनिहाय सूची सुरुवातीलाच द्या. फोटो छापायचेच असतील तर जागेवरच्या कामाचे छापा. निवडणुकीच्या तोंडावर पत्रक छापत असाल तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं १२७-क कलम वाचून घ्या: मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पत्रकावर असावाच लागतो.

या क्षेत्रात यायचं असेल तर विधिमंडळातलं वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र माहीत असू द्या. नागपूरच्या अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो, संधी मिळाली तर सोडू नका. प्रेक्षक गॅलरीत बसून पाहिलेला एक दिवस नियमांच्या पुस्तकातली बरीच पानं उलगडून देतो. पगाराचं मात्र आधी स्पष्ट बोलून घ्या. आमदारांना शासनाकडून मिळते ती स्वीय सहायकाची सोय. संशोधन करणारी, लिहिणारी माणसं बहुतेक वेळा आमदारांच्या खिशातूनच पोसली जातात आणि अधिवेशन संपलं की काहींना घरी पाठवलं जातं.

आणि प्रुफं छपाईला देण्याआधी गावांची नावं तालुक्यातल्याच जुन्या माणसाकडून वाचून घ्या. बुद्रुकचा पूल खुर्दच्या खात्यावर छापला गेला तर दोन्ही गावांचे सरपंच एकाच सकाळी कार्यालयात येतात.