नवे ऑल-टेरेन (ए/टी) टायर घ्यायचेत? आधी ओल्या डांबराचा विचार करा

थार, जिमनी किंवा गुरखा यांसारखी आडवाटेची गाडी दारात आली की काही महिन्यांतच टायरचा विषय निघतो. चिखल उडवणाऱ्या गाड्यांचे फोटो डोक्यात असतात, त्यामुळे दुकानात सगळ्यात आडदांड दिसणाऱ्या टायरवर बोट ठेवलं जातं. पण आपल्याकडे या टायरांची खरी परीक्षा होते ती जुलै महिन्यात, ताम्हिणीच्या किंवा आंबा घाटाच्या उतारावर, वळणावर समोरून एसटी आली की. चिखलात रुतलात तर कुणीतरी ट्रॅक्टर आणतो, दोर बांधून गाडी ओढून काढतो. ओल्या डांबरावर गाडी वेळेत थांबली नाही, तर तिथे कुणाचा दोर कामाला येत नाही. म्हणून टायर निवडताना मी ओलं डांबर पहिलं धरतो, चिखल नंतर.

पायरी 1: गाडी नेमकी कुठे चालते?

वर्षभराचा प्रामाणिक हिशेब मांडा. नव्वद टक्के शहर आणि हायवे असेल, तर कंपनीने दिलेले एच/टी टायर, म्हणजे हायवेचे, पुरेसे आहेत. पैसे वाचवा. गावाकडचा कच्चा रस्ता, किल्ल्याच्या पायथ्याची मुरमाड वाट, कोकणातला जांभ्याचा चढ हे सगळं नेहमीचं असेल तर ए/टी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे ऑल-टेरेन घ्या.

एम/टी हा चिखलाचा टायर. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद असतात. त्यामुळे चिखल बाहेर फेकला जातो, पण डांबराला टेकणारं रबर कमी उरतं. पावसात ब्रेक लांबतो आणि हायवेवर सतत घूंऽऽ असा आवाज येत राहतो. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या चिकण मातीत पावसाळाभर शेतावर जायचं असेल तर एम/टीचा विचार जरूर करा, कारण ती माती ए/टीच्या फटी गच्च भरून टाकते आणि टायर गोटा झाल्यासारखा घसरतो. बाकीच्यांनी एम/टीच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी 2: साईज वाचायला शिका

सध्याच्या टायरसमोर उकिडवे बसा आणि साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, पुसून घ्या. समजा तिथे 255/65 आर18 111टी असं लिहिलंय. 255 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या 65 टक्के. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार, आणि 18 म्हणजे रिमचा व्यास इंचात. 111 हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरला 1,090 किलो पेलतात. टी म्हणजे कमाल वेग ताशी 190 किलोमीटर. नवा टायर घेताना भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर गाडी कंपनीने सांगितलंय त्याच्या खाली कधीही येऊ देऊ नका.

आता साईज वाढवण्याचा मोह. जिमनीचा मूळ टायर 195/80 आर15, व्यास साधारण 693 मिलिमीटर. त्याऐवजी 215/75 आर15 घातला तर व्यास 703 च्या आसपास जातो, म्हणजे दीड टक्का फरक. शिवाय हीच बोलेरोचीही साईज असल्याने तालुक्याच्या गावातसुद्धा मिळते, आणि आडवाटेला टायर फाटल्यावर ही गोष्ट फार मोलाची ठरते. पण 235/75 आर15 घातला की व्यास 733 वर पोचतो. स्पीडोमीटरचा काटा तोच आकडा दाखवतो, पण गाडी आधीपेक्षा जवळपास सहा टक्के जास्त वेगात पळत असते. पिकअप मंदावतो, ब्रेकवर ताण येतो, स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर घासू शकतो. दोन-तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. गाडी कंपनीने त्या मॉडेलच्या कुठल्या तरी व्हेरियंटला दिलेल्या साईजमध्ये राहिलात, तर आरटीओ आणि विमा या दोन्ही ठिकाणी वादाला जागा राहत नाही.

पायरी 3: टायर हाताने तपासा

सिएट झार, अपोलो अ‍ॅप्टेरा, योकोहामा जिओलँडर, बीएफगुडरिच ऑल-टेरेन ही नावं दुकानात ऐकू येतील. नाव कुठलंही असो, आधी नक्षीच्या ठोकळ्यांवर बोट फिरवा. त्यांवर केसासारख्या बारीक चिरा दिसतील. ओल्या रस्त्यावरची पकड मुख्यतः या चिरांवर आणि रबराच्या जातीवर अवलंबून असते. चिरा भरपूर आणि खोल असतील तर उत्तम. वरवरच्या असतील तर टायर अर्धा झिजल्यावर त्या नाहीशा होतात, आणि पावसात टायर वेगळाच वागायला लागतो.

मग साईडवॉल. सह्याद्रीचा काळा दगड धारदार असतो आणि तो टायरला कापतो बहुतेक वेळा बगलेतच. नक्षीतलं पंक्चर निघतं, साईडवॉलचा कट दुरुस्त होत नाही. साईजच्या आधी एलटी (लाईट ट्रक) अक्षरं असलेल्या टायरची बांधणी जाड असते. तो दगडात टिकतो, पण जड असतो, खड्ड्यात आदळतो आणि मायलेज खातो. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला साधा ए/टी पुरतो.

पायरी 4: चार नाही, पाच

बजेट आखताना स्टेपनी धरूनच आखा. थार आणि जिमनीमध्ये फोर-व्हील-ड्राइव्ह लावल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधला जातो, मध्ये वेग जुळवून घेणारा डिफरन्शियल नसतो. चार टायरांपैकी एकाचा व्यास वेगळा असेल तर तो फरक गिअर आणि शाफ्टवर ताण म्हणून साचतो. पुढे दोन नवे आणि मागे दोन जुने, किंवा चार ए/टी आणि स्टेपनी जुनी एच/टी, अशी काटकसर अशा गाडीला परवडत नाही. पैसे कमी पडत असतील तर स्वस्त कंपनीचे पाच घ्या, महागाचे तीन नकोत.

पायरी 5: दुकानात

निदान तीन दुकानांतून भाव काढा आणि भावात फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व धरलेत का ते विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, तेव्हा बिलात दर बघा.

नंतर मोबाइलचा टॉर्च लावा आणि साईडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2325 असेल तर टायर 2025 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलाय. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघा, आणि पाचही बघा. वर्षाहून जुना माल पूर्ण भावात घेऊ नका, दोन वर्षांचा असेल तर नकोच म्हणा. रबर गोदामातही कडक होत जातं. आयएसआय चिन्हही पाहा, आयात टायरवरसुद्धा ते लागतं. बिलावर पाचही टायरांचे सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.

पायरी 6: फिटिंग आणि पुढचे काही दिवस

टायर चढवताना तिथेच उभे राहा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वजवळ यावा, म्हणजे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. नट एअर गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका, ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना वापरायला सांगा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या. सुरुवातीचे तीनेकशे किलोमीटर पावसात जपून चालवा. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर निघून जायला तेवढं अंतर लागतं.

हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. दगडाधोंड्यांच्या वाटेवर ती 20-22 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरून पकड घेतो. तेव्हा वेग अगदी कमी ठेवा आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरा. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि भरवशाचा गेज हवाच. कंप्रेसर सोबत नसेल तर हवा उतरवू नका.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही टायर फिरवा. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, फटीतले टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, उंचवटे तीच पातळी दाखवतात. घाटातून पावसाळी प्रवास करणाऱ्यांनी मात्र तीन-चार मिलिमीटर उरले की पुढच्या संचाची चौकशी सुरू करावी, आणि ती मे महिन्यातच.