न्यू मेक्सिकोला येताय? पहाटे चारचा गजर लावा

भारतातून कुणी इथे, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, येतो म्हणालं की मी एवढंच सांगते, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात या. अल्बुकर्की शहरात तेव्हा नऊ दिवस बलून फिएस्टा, म्हणजे माणसांना घेऊन उडणाऱ्या गरम हवेच्या बलूनचा उत्सव असतो. १९७२ साली १३ बलूननी सुरुवात झाली, आता पाचशेहून जास्त उडतात.

दोन्ही शनिवार-रविवारी सकाळी सातच्या सुमाराला सगळे बलून लाटेसारखे वर जातात. ते बघायचं तर घर चारला सोडायचं. हे शहर पाच हजार फुटांवर आहे, त्यामुळे दुपारी कितीही ऊन असलं तरी पहाटे दात वाजतात. आई आली तेव्हा स्वेटरवर शाल आणि कानटोपी, तरी कुडकुडत होती. पण इथे लांबून बघायचं नसतं, मैदानात थेट बलूनच्या मधून हिंडता येतं. शेजारचा बर्नर भसकन पेटला, तोंडाला धग लागली आणि आईने माझा हात घट्ट धरला. मग तो रंगीत डोंगर जमिनीवरून अलगद सुटला, आणि ती कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. वारा जास्त असला तर उड्डाण रद्द होतं, म्हणून दोन सकाळी हाताशी ठेवाच.

नंतर रेल रनर गाडीने सांता फे गाठा. १६१० साली वसलेलं गाव. पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या गव्हर्नरांच्या जुन्या वाड्याच्या ओसरीत मूळनिवासी कारागीर चांदी-फिरोजाचे दागिने मांडून बसतात. घेणार असाल तर तिथेच घ्या, आणि कृपा करून घासाघीस करू नका.

ताओस प्वेब्लो हे मूळनिवाशांचं गाव चुकवू नका. मातीच्या त्या घरांत सुमारे हजार वर्षं वस्ती आहे, भिंती अजून मातीनेच लिंपतात. हिवाळ्याच्या शेवटी काही आठवडे ते बंद असतं, आधी चौकशी करा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. सणाच्या दिवशी तर फोन गाडीतच ठेवा. तिथला नाच म्हणजे प्रार्थना असते, टाळ्या वाजवायच्या नसतात. गाभाऱ्यासमोर उभं राहतो तसं उभं राहायचं.

हॉटेलात विचारतील, ‘रेड ऑर ग्रीन?’ म्हणजे मिरचीचा रस्सा लाल की हिरवा. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणा. शाकाहारी असाल तर रश्शात मांस आणि बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, हे विचारून घ्या. सोपापिया मात्र मागवाच. पुरीसारखी टम्म फुगलेली येते, कोपरा फोडून आत मध ओतायचा.