समांतर रचनेच्या प्रश्नात आधी जोडशब्द शोधा

एसएससी (कर्मचारी निवड आयोग) किंवा बँकेच्या परीक्षेत इंग्रजी वाक्यसुधारणेचा प्रश्न सोडवताना पर्याय वाचण्याआधी 'अँड', 'ऑर', 'दॅन' यांसारखा जोडशब्द शोधावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकाच रूपात, म्हणजे समांतर रचनेत, आहेत का, हे तपासावे. 'शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टू पेंट' यात शेवटी 'पेंटिंग' हवे, हे बहुतेकांना जमते.

खरी फसगत तुलनेत होते. धरमपेठेतील अभ्यासिकेत मी मुलांना नेहमी 'द समर ऑफ नागपूर इज हॉटर दॅन पुणे' हे वाक्य देतो. मराठीत आपण 'नागपूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक' असे सर्रास म्हणतो, त्यामुळे कानाला काहीच खटकत नाही. परंतु परीक्षेतील इंग्रजीच्या दृष्टीने येथे उन्हाळ्याची तुलना थेट शहराशी झालेली असते, म्हणून 'दॅन दॅट ऑफ पुणे' हाच पर्याय बरोबर ठरतो.

'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो' या जोडीत शब्दांची जागाही पाहावी. 'ही सेल्स नॉट ओन्ली ऑरेंजेस बट ऑल्सो ज्यूस' यात दोन्हीकडे नाम आहे. मात्र 'ही नॉट ओन्ली सेल्स' अशी सुरुवात असेल, तर 'बट ऑल्सो'नंतरही क्रियापदच यावे लागते.