मण्याच्या डुलाची कडी उघडू नये म्हणून

घरी केलेले मण्यांचे डूल बहुतेक वेळा एकाच जागी दगा देतात: वरच्या कडीत. तार नुसती गोल वळवून सोडली की ओढणीत अडकल्यावर ती उघडते आणि मणी घरंगळत कपाटाखाली जातो. त्यावर उपाय म्हणजे कडीच्या मानेला, म्हणजे मणी आणि कडी यांच्यामधल्या सरळ तारेला, तारेचे वेढे.

नेहमीच्या काचेच्या मण्यांना २२ गेजची, म्हणजे साधारण ०.६४ मिमी जाडीची तार पुरते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे दुकानात लक्षात असू द्या. खऱ्या मोत्यांचं भोक फार लहान असतं, त्यांना २६ गेज बरी.

मण्याच्या वर दोन-तीन मिमी मान सोडा आणि मगच तार काटकोनात वाकवा. घाईत इथेच चुकतं. मान नसेल तर वेढे बसणार कुठे? गोल टोकाच्या पकडीवर कडी वळवा. हूक आत्ताच अडकवा, नंतर शिरत नाही. (मी विसरते. अजूनही.) मग कडी सपाट पकडीत धरून दोन-तीन वेढे एकमेकांना चिकटून घ्या. उरलेली तार वेढ्याला अगदी लागून कापा आणि टोक पकडीने आत दाबा.

आता डूल एखाद्या जुन्या शिफॉनच्या ओढणीवर घासून बघा. धागा ओढला गेला तर टोक अजून बाहेर आहे.

दोन्ही डुलांच्या कड्या सारख्या हव्यात ना? मग पकडीवर मार्करने खूण करून ठेवा, दोन्ही वेळा तिथेच वळवा.